चालू आणि दुरुस्त

वस्तू बिघडायला मुहूर्त लागत नाही असे म्हणतात. पण कपडे धुण्याचे यंत्र मात्र मुहूर्त पाहून बिघडते, असा पुष्कळ घरांचा अनुभव आहे. नवरात्र संपले, दसरा झाला, घरातले पडदे, अभ्रे, चादरी आणि पावसाळाभर कुबट वास धरून बसलेल्या गोधड्या असा सारा डोंगर मागल्या पडवीत येऊन पडला, की नेमके त्या सुमारास यंत्र मुके होते. बटण दाबावे तर दिवा लागत नाही. दिवा लागला तर पाणी येत नाही. पाणी आले तर ते जात नाही. मग दुरुस्तीवाला येतो, झाकण काढतो, आत डोकावतो आणि दोन शब्दांत निदान सांगतो, "बोर्ड गेला." हा बोर्ड म्हणजे काय, त्यातले नेमके काय गेले आणि ते का गेले, हे विचारण्याची आपल्याकडे रीत नाही. विचारायचे ते एवढेच, "नवा कितीला पडेल?"

दिवाळीच्या फराळासोबत वाचायला हा विषय जरा रुक्ष वाटेल, हे मी जाणतो. परंतु नीतीचे प्रश्न नेहमी कुरुक्षेत्रावरच उभे राहतात असे नाही. ते पडवीत उभे राहतात, मोरीत उभे राहतात, आणि कधी कधी तळहाताएवढ्या हिरव्या पट्टीवरही उभे राहतात. अशा एका पट्टीच्या निमित्ताने मला दोन प्रश्न विचारावयाचे आहेत. ज्या वस्तूचे झाकण उघडण्याचे धाडस आपल्याला होत नाही, ती वस्तू आपली म्हणावी काय? आणि ज्याने ते झाकण उघडले, त्याने ते परत लावण्यापूर्वी कोणाला जबाब द्यायचा?

रायगड जिल्ह्यातले माणगाव हे या प्रश्नांसाठी चांगले ठिकाण आहे. मुंबईहून गोव्याकडे जाणारा महामार्ग गावातून जातो. कोकण रेल्वे १९९८ साली सबंध मार्गावर धावू लागली, तिचे स्थानकही येथे आहे. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर या किनाऱ्यावरच्या गावांकडे जाणारा प्रवासी बहुधा येथेच वळतो. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि चार महिने घरातली कोणतीच गोष्ट पुरती कोरडी अशी नसते. एके काळी धुणे म्हणजे काळ नदीचा काठ, विहिरीची कड किंवा मागल्या दारची धोंड. घरात जितकी माणसे, तितका कमरेवर भार. आणि ती कंबर बहुधा बाईचीच. पावसाळ्यात धुतलेले कपडे वाळवायचे म्हणजे चुलीवर दोरी बांधायची, आणि मग साऱ्या घराने धुराचा वास अंगावर वागवायचा. अशा घरात मुंबईच्या चाकरमान्या मुलाने पहिल्या बोनसातून यंत्र आणून बसवले, तेव्हा ती चैनीची वस्तू म्हणून आली असे म्हणणे अन्यायाचे होईल. रोजचे दोन तास आणि पाठीचा कणा तिने परत दिला. म्हणून ती बिघडते तेव्हा एक वस्तू बंद पडते एवढेच होत नाही. दिलेले दोन तास कोणी तरी पुन्हा हिरावून नेतो.

आता त्या बोर्डाकडे पाहू. घरात येणारी वीज २३० व्होल्टची, उलटसुलट वाहणारी. यंत्राच्या मेंदूला लागते अवघ्या पाच व्होल्टची, एकाच दिशेने वाहणारी. तेव्हा बोर्डाच्या एका कोपऱ्यात विजेला उतरवून घेणारी एक लहानशी घडवंची असते. वीज आत आली की तिला प्रथम फ्यूज भेटतो. त्याच्याजवळ, पुष्कळदा निळ्या रंगाची, बत्ताशासारखी एक चकती असते. तिला व्हेरिस्टर म्हणतात. त्यापुढे वीज एका दिशेची करणारे डायोड, तिला साठवून शांत करणारा उभा कपॅसिटर, मग बारा आणि पाच व्होल्ट करणारी व्यवस्था. दुसऱ्या बाजूला मेंदू, म्हणजे एक काळी चिप; आणि तिच्या आज्ञेने मोटार, पाण्याची झडप आणि निचऱ्याचा पंप यांना वीज देणारे रिले किंवा तसलेच दुसरे स्विच. बोर्ड गेला म्हणतात तेव्हा मेंदू क्वचितच गेलेला असतो. कपॅसिटरचे डोके फुगलेले असते. रिलेच्या पायाशी दिलेला डाख यंत्राच्या हादऱ्यांनी आणि उष्णतेने केसाएवढा तडकलेला असतो. दमट हवेने तांब्यावर हिरवी पुटे चढलेली असतात. नाही तर उबेला आलेल्या पालीने दोन तारांवर एकाच वेळी पाय ठेवलेला असतो. नव्या बोर्डाला काही हजार रुपये पडतात. गेलेला तुकडा मात्र पुष्कळ वेळा दोन कप चहाच्या किमतीत येतो.

त्या निळ्या चकतीची गोष्ट थोडी अधिक सांगायला हवी, कारण सारा नैतिक प्रश्न तिच्यापाशी येऊन थांबतो. कोकणात पावसाळी वारा सुटला की झाडे तारांवर पडतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले, तेव्हा या भागात विजेचे खांब काड्यांसारखे मोडून पडले आणि पुष्कळ गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. अशी मोठी वादळे एखादवेळीच येतात. पण लहान वादळ दर वर्षी येते. खांबावरून येणाऱ्या तारांपैकी न्यूट्रलची तार तुटली की घरोघरचा दाब बिघडतो. दोन फेजांमध्ये सुमारे ४०० व्होल्टचा दाब असतो. न्यूट्रल नाहीशी झाली की तो दाब घराघरांत वेडावाकडा वाटला जातो, आणि ज्या घरात त्या वेळी विजेचा वापर थोडा, त्याच्या वाट्याला बराच जास्त येतो. नेहमीच्या दाबाला ही निळी चकती वीज अडवून धरते, जणू तेथे ती नाहीच. दाब मर्यादेपलीकडे गेला की मात्र ती एकदम वाट मोकळी करून देते. विजेचा लोंढा तिच्यातून वाहतो, फ्यूज उडतो, आणि पुढचा सारा बोर्ड वाचतो. चकती स्वतः मात्र काळी पडून फुटते. तिचे कामच ते.

येथे एक चमत्कारिक गोष्ट आहे. ही जळकी चकती उपटून फेकून दिली आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारेचा एक पदर पिळून बसवला, तर यंत्र तत्काळ सुरू होते. अगदी पूर्वीसारखे सुरू होते. आवाज तोच, दिवे तेच, कपडे तितकेच स्वच्छ. बाहेरून पाहणाऱ्याला, वापरणाऱ्याला, किंबहुना रोज वापरणाऱ्यालाही, काहीही फरक कळत नाही. तो कळतो पुढच्या वादळाच्या दिवशी. आणि त्या दिवशी फक्त बोर्ड जळाला तर नशीब म्हणायचे.

माणगावजवळच्या एका घरातला प्रसंग या संदर्भात माझ्या कानावर आहे. तंत्रशिक्षण घेणारा भाचा सुटीला आत्याकडे आलेला. यंत्र बंद होते. मुलगा हुशार, त्याने प्लग काढला, झाकण उघडले, मल्टिमीटर लावून तासाभरात दोष शोधला. योग्य फ्यूज आणि चकती गावात मिळेना, म्हणून तूर्त तार पिळली आणि अभिमानाने हाक मारली,

"आत्या, झालं बघ चालू!"

आत्या ओले हात पदराला पुशीत बाहेर आली. यंत्र घरघरत होते. तिने ते क्षणभर पाहिले आणि विचारले, "चालू झालं ते दिसतंय रे. दुरुस्त झालं का?"

"म्हणजे काय गं?"

"म्हणजे जे जळलं होतं त्याच्या जागी काय घातलंस?"

मुलाने खरे ते सांगितले. आत्याला व्हेरिस्टर ठाऊक नव्हता. पण तिच्या यजमानांनी उभा जन्म विहिरीवरचा पंप चालू करण्यात घालवला होता, दुरुस्त तो कधीच केला नव्हता; आणि फ्यूजच्या जागी तार घातलेला तो पंप एके दिवशी भर भातलावणीत कसा जळाला, हे तिने पाहिले होते. "काढ ती तार," ती म्हणाली. मुलाने प्लग ओढला.

मला वाटते, मराठी भाषेने या दोन शब्दांत जो भेद जपून ठेवला आहे, तो पुष्कळ तत्त्वज्ञांनाही हेवा वाटावा असा आहे. दुरुस्त हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला; तेथे त्याचा अर्थ बरोबर, ठीक, धड असा. म्हणून आपण यंत्र दुरुस्त करतो तशी चूकही दुरुस्त करतो, आणि राज्यघटनेतल्या बदलालाही घटनादुरुस्तीच म्हणतो. शरीर धड असले की माणूस तंदुरुस्त. तापाने फणफणलेल्या मजुराला गोळी देऊन कामावर उभे केले, तर तो चालू झाला. तंदुरुस्त झाला असे कोणी म्हणणार नाही. उलट 'चालू' या शब्दाने काय कमाई केली आहे ती पाहा. चालू माणूस, चालू काम, चालू माल! जे नुसते चालते, त्याविषयी मराठी माणसाच्या मनात कोठे तरी एक संशय असतो आणि तो भाषेत उमटला आहे.

हा भेद नुसत्या शब्दांचा नाही. वस्तू चालू आहे की नाही हे वस्तू स्वतःच सांगते. बटण दाबले की उत्तर मिळते. ती दुरुस्त आहे की नाही हे मात्र वस्तू सांगत नाही. ते फक्त दुरुस्त करणाऱ्याला ठाऊक असते. झाकण लागले की त्याच्या कामावर कायमचा पडदा पडतो आणि दुसऱ्या कोणाला तरी त्या पडद्यावर विश्वास ठेवून ओला हात पुढे करावा लागतो. म्हणून दुरुस्ती ही मूलतः एक शपथ आहे असे मी मानतो. "मी जेथे पाहिले तेथे तुला पाहावे लागणार नाही," अशी ती शपथ. घरातल्या घरात केलेल्या दुरुस्तीला ही शपथ अधिकच बांधून ठेवते. बाजारातला कारागीर चुकला तर त्याच्याकडे पुन्हा जाता येते, पावती दाखवता येते. घरच्या माणसाची पावती कोण मागणार? तेथे प्रेम असते, आणि प्रेमामुळे प्रश्न विचारले जात नाहीत. आत्याने प्रश्न विचारला हे तिचे मोठेपण. पण पुष्कळ घरांतल्या आत्या, आया आणि बायका "केलंन हो माझ्या मुलानं" म्हणून कौतुकाने यंत्राला हात लावतात. ज्याला कोणी विचारणार नाही, त्याने स्वतःला दुप्पट विचारले पाहिजे.

या शपथेचा भंग किती सहज होतो याचे एक उदाहरण पुष्कळ घरांत रोज दिसते. यंत्राच्या पत्र्याला हात लावला की बोटांत झिणझिण्या येतात. याचे कारण साधे असते. विजेतला गोंगाट गाळण्यासाठी आतल्या तारा आणि यंत्राचा पत्रा यांच्यामध्ये लहान कपॅसिटर बसवलेले असतात. त्यांतून निसटणारी किंचितशी वीज अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जावी अशी योजना असते. घराला अर्थिंगच नसले, किंवा तिसरा पाय मोडून प्लग बसवला असला, तर ती वीज माणसाच्या बोटातून वाट शोधते. झिणझिण्या हा स्वतः मोठा अपघात नसतो. उद्या आतली तार सोलून पत्र्याला लागली, तर वाचवणारे कोणी नाही, असा तो निरोप असतो. आणि घर या निरोपाला काय उत्तर देते? "चप्पल घालून मशीन लाव." पायाखाली लाकडी पाट सरकवला जातो, सुनेला पहिल्याच दिवशी तो पाट दाखवला जातो, आणि दोषाची घराण्याची चाल होऊन बसते. यंत्र चालू असते ना! दोषाशी जुळवून घेण्याची आपली शक्ती अफाट आहे. तिला आपण सहनशीलता म्हणतो. पण हे सहन करणारा माणूस आणि दुरुस्ती टाळणारा माणूस हे बहुधा एकच नसतात, हे लक्षात घेतले की त्या गुणाचा रंग थोडा उतरतो.

आत्याच्या गोष्टीचा उत्तरार्ध सांगितलाच पाहिजे, नाही तर ती बोधकथा होईल. योग्य फ्यूज आणि चकती मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवावी लागली. येणारा पाहुणा आठ दिवसांनी येणार होता. आता प्रश्न असा की तत्त्वाची किंमत आठ दिवस कोणी मोजायची? आपल्याकडे तत्त्वे बहुधा पुरुष पाळतात आणि त्यांचा खर्च बायका करतात. घरात शुद्ध खादी हवी म्हणणारा एक असतो आणि ती जाड ओली खादी पिळणारी दुसरी असते. या घरात मात्र तसे झाले नाही. ते आठ दिवस भाच्याने चादरी धोंडीवर आपटल्या आणि आत्याने त्या वाळत घातल्या. कोपर दुखू लागले तेव्हा त्याला त्या यंत्राची खरी किंमत समजली असेल, असे मला वाटते. खरी दुरुस्ती हवी असा आग्रह धरणाऱ्याने तिला लागणारा उशीर आपल्या अंगावर घेतला पाहिजे. तो उशीर दुसऱ्याच्या पाठीवर टाकला, तर तारेचा पदर पिळणाऱ्यापेक्षा तो फारसा वेगळा ठरत नाही.

हे झाले झाकण उघडणाऱ्याविषयी. परंतु झाकण उघडूच नये अशी व्यवस्था करणाऱ्याविषयीही बोलले पाहिजे. पुष्कळ बोर्डांवर आजकाल एक मऊ, पारदर्शक राळ ओतलेली असते. ती ओतण्याला सबळ कारण आहे. दमट हवा, मुंग्या, झुरळे, पाली यांच्यापासून ती बोर्डाचे रक्षण करते, आणि कोकणात तर हे रक्षण हवेच. पण तीच राळ दुरुस्त करणाऱ्याचा हातही दूर ठेवते. एक तुकडा बदलायचा तर तासन् तास ती खरवडत बसावे लागते. बोर्डाचा नकाशा मिळत नाही; सुटा तुकडा मिळाला तरी चिपेतली आज्ञावली मिळत नाही. घरी येणाऱ्या दुरुस्तीवाल्याला "बोर्ड बदला" म्हणण्यावाचून गत्यंतर ठेवलेले नसते. त्याला आळशी म्हणणे सोपे आहे. पण त्याच्या हाती नकाशा दिलेला नाही आणि त्याच्या दिवसाची घरे मोजून दिलेली आहेत.

जुन्या गावगाड्यात याहून वेगळा हिशेब होता. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' या ग्रंथात बलुत्याची पद्धत वर्णिली आहे. सुताराला नांगराच्या दर दुरुस्तीमागे पैसे मिळत नसत. सुगीला धान्याचा ठरलेला वाटा मिळे. म्हणजे नांगर वारंवार मोडण्यात सुताराचा काहीच फायदा नव्हता. तो जितका टिके तितके त्याचे श्रम वाचत. आज वस्तू विकणाऱ्याचा फायदा नेमका उलट बाजूला आहे. ती लवकर गेली तर त्याची दुसरी खपते. माणसे पूर्वी सज्जन होती आणि आता दुर्जन झाली, असा याचा अर्थ नव्हे. टिकण्यातला लाभ कोणाच्या पदरात पडतो, एवढाच फरक आहे.

तथापि गावगाड्याचे गोडवे गाण्याआधी थांबले पाहिजे. त्या व्यवस्थेत सुताराच्या पोराने सुतारच व्हायचे होते, आणि ज्याच्या हातांवाचून गाव चालत नसे त्याला ओट्यावर चढायची मुभा नसे. शेजारच्या महाडला २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते याच समाजाला उत्तर म्हणून. हाताने काम करणारा खालचा आणि हात न लावता सांगणारा वरचा, हा आपला जुना रोग आहे. मोडलेले हाताने दुरुस्त करणे म्हणजे कमीपणा, आणि नवे विकत घेणे म्हणजे प्रतिष्ठा, ही आजची समजूत त्याच रोगाची नवी लक्षणे दाखवते. म्हणून माणगाव तालुक्यातच, लोणेरे येथे, १९८९ सालच्या कायद्याने स्थापन झालेल्या तंत्रशास्त्र विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव आहे, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. ज्या मुलाने पुस्तकातले मंडल वाचले आहे त्यानेच डाख द्यायला बसावे, आणि जो डाख देतो त्याला ते मंडल वाचता यावे, यात एक लहानशी समता आहे. घरच्या मोरीशेजारी स्टुलावर बसून बोर्ड उघडणारा मुलगा नकळत हे अंतर थोडे बुजवतो.

जगात या प्रश्नाकडे कायद्यानेही पाहिले जाऊ लागले आहे. युरोपीय संघाच्या देशांत १ मार्च २०२१ पासून लागू झालेल्या नियमानुसार, कपडे धुण्याच्या यंत्रांचे महत्त्वाचे सुटे भाग, सर्किट बोर्ड धरून, त्या नमुन्याचे शेवटचे यंत्र बाजारात आल्यापासून किमान १० वर्षे व्यावसायिक कारागिरांना मिळाले पाहिजेत. त्याच वर्षाच्या आरंभापासून फ्रान्समध्ये काही यंत्रांवर ती किती दुरुस्त करता येतात याचे दहापैकी गुण छापावे लागू लागले. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काची चौकट आखण्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी एक संकेतस्थळ सुरू केले. हे सारे स्वागतार्ह आहे. पण हक्क कायदा देऊ शकेल. तो वापरण्याची योग्यता आपणच मिळवावी लागेल. तारेचा पदर पिळणाऱ्यालाही दुरुस्तीचा हक्क आहेच. तो त्या हक्काला चालू करतो.

एक व्यवहारी गृहस्थ येथे विचारतील, की तीन रविवार घालवून काही हजार वाचवण्यात काय शहाणपण? तेवढ्या वेळात माणूस अधिक कमावील. हिशेब चुकीचा नाही. फक्त त्यात एक रकाना कमी आहे. टाकलेला बोर्ड कोठे जातो? संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत कचरा निर्माण झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन वापरात आल्याची नोंद आहे. उरलेल्यातले पुष्कळसे कोठे तरी एखादा मुलगा उघड्यावर जाळीत बसलेला असतो, तांबे काढण्यासाठी. आपण नव्या बोर्डाची किंमत मोजतो. जुन्याची किंमत तो मुलगा आपल्या फुप्फुसाने मोजतो. ती आपल्या पावतीवर नसते इतकेच.

तरीही प्रत्येकाने प्रत्येक वस्तू घरीच उघडावी असे मी म्हणणार नाही. २३० व्होल्टची वीज साठवून घेणाऱ्या त्या उभ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्टचा दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. जाणता कारागीर नुसते बटण बंद करून थांबत नाही. प्लग उपटतो, कपॅसिटर रोधातून रिकामा करतो, तो रिकामा झाल्याची मीटरने खात्री करतो, आणि दुरुस्तीनंतर पहिल्यांदा वीज देताना मध्ये एक दिवा जोडतो. आत कोठे तारा एकमेकींना भिडल्या असतील तर तो दिवा भक्कन पेटतो आणि बोर्ड वाचतो. ज्याला यातले काही ठाऊक नाही त्याने झाकण न उघडणे, आणि उघडल्यावर आपल्या आवाक्याबाहेरचे आहे असे दिसले तर निमूटपणे ते परत लावून जाणत्याकडे जाणे, यात पराभव नाही. "हे मला येत नाही" असे म्हणता येणे हाही दुरुस्त माणसाचा एक गुण आहे. चालू माणसाला तो कधीच साधत नाही.

मग वस्तू आपली केव्हा म्हणावी? पैसे दिले म्हणून ती आपल्या घरात येते. पण आपली होते ती तिची काळजी आपल्यावर येते तेव्हा. ती काळजी स्वतःच्या हाताने घ्यावी किंवा जाणत्याच्या हाताने. परंतु काय बिघडले, का बिघडले आणि आता ते कसे आहे, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून झाकण लावू देऊ नये. जो हे विचारतो तो मालक. जो नुसती किंमत विचारतो तो, फार तर, गिऱ्हाईक.

चांगल्या कारागिरांची एक सवय मी पाहिली आहे, ती या दिवाळीत प्रत्येक घराने उचलावी असे सुचवतो. झाकण लावण्यापूर्वी ते आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवतात. तिच्यावर तारीख असते, काय बदलले ते असते, आणि काय बदलायचे राहिले तेही असते: "फ्यूज व व्हेरिस्टर नवे. रिलेचा डाख पुन्हा दिला. निचऱ्याच्या पंपाची तार सैल, पुढच्या वेळी पाहावी." ही चिठ्ठी घरात कोणी वाचत नाही. ती असते आणखी काही वर्षांनी हे झाकण उघडणाऱ्या कोणा अनोळखी माणसासाठी, जो कदाचित आज शाळेत पाढे म्हणत असेल. त्याला आपले नाव कळणार नाही, आणि त्याची गरजही नाही. आपण काय केले आणि काय केले नाही, एवढे त्याला खरेखरे कळले म्हणजे पुरे.